स्टडी टूरला जावं का, आणि गेलं तर नेमकं काय बघावं

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की तू सोलापूरला बी.आर्कच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, कॉलेजची टूर अहमदाबाद, जयपूर, दिल्ली, चंदीगड अशी ९ दिवसांची आहे, माणशी २६ हजार सांगितलेत, बाबांचं म्हणणं 'सगळं गूगलवर दिसतं, त्यासाठी एवढे पैसे कशाला', आणि ग्रुपमधली दोघं-तिघं म्हणतायत की हे सोड, पास झाल्यावर सरळ युरोपला जाऊ. शेवटी तू विचारलंयस की फिरल्याशिवाय चांगलं आर्किटेक्ट होताच येत नाही का, आणि त्यासाठी मामाकडून पैसे उसने घ्यावेत का.

मी साताऱ्यात २६ वर्षं प्रॅक्टिस करतेय, जास्त करून घरं, थोड्या शाळा, एक-दोन जुन्या वाड्यांची दुरुस्ती. मधे सहा-सात वर्षं व्हिजिटिंग म्हणून शिकवायचे, तेव्हा मुलांना घेऊन टूरवरही गेलेय. तू वयाने माझ्या मुलीएवढी असशील म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत असं मला वाटतं. एक म्हणजे ह्या टूरला जायचं का, त्याचं उत्तर तुझ्या घरच्या परिस्थितीवर आहे आणि ते मी खाली देते. दुसरा म्हणजे बिल्डिंग प्रत्यक्ष बघून असं काय कळतं जे फोटोत कळत नाही. बाबांनी विचारलंय ते हे, आणि ते चुकीचं विचारत नाहीयेत. टूर करून आलेल्या मुलांना मी हाच प्रश्न विचारायचे आणि निम्म्याहून जास्त मुलांना उत्तर देता यायचं नाही, कारण त्यांनी तिथे जाऊनही फोटोच काढले होते. तसं जायचं असेल तर बाबांचं खरं आहे, २६ हजार वाचव.

आता फोटोत काय येत नाही ते माझ्या स्वतःच्या अनुभवातून सांगते.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आम्ही चौघी मैत्रिणी वाईला एका वाड्याचं मोजमाप करायला गेलो होतो, आठवडाभर, डिसेंबरात. लांबचा प्रवास नव्हता, एसटीने दोन-तीन तासांचा. वाड्यात एक आजी आणि त्यांचा मुलगा-सून राहायचे. पहिल्या दिवशी टेप काढला तर आजी म्हणाल्या, आधी चहा घ्या, मोजायला वाडा कुठे पळून जातोय. मग चहा पिताना मी विचारलं, आजी किती मोठा आहे हो वाडा, तर म्हणाल्या सात खणी. आम्ही एकमेकींकडे बघितलं. खण हा शब्द आम्हाला चोळीच्या खणापलीकडे माहीत नव्हता. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि वाड्याची रुंदी लोक खणात सांगायचे. मोजलं तर प्रत्येक खण ५ फुटांच्या आसपास, कुठला दोन इंच कमी, कुठला तीन इंच जास्त. का, तर वर कडीपाट आहे, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत, कडीला लाकूड जसं मिळालं तसं आणि जेवढं झेपेल तेवढं अंतर. म्हणजे त्या घराचा पूर्ण प्लॅन लाकडाच्या लांबीतून आलेला, आणि हे त्या आजींना बोलण्यातून माहीत होतं, आम्हाला दोन वर्षं शिकूनही नव्हतं.

दुसरी गोष्ट. सोप्याच्या बाजूची एक खोली मी मोजली, लांबी रुंदी घेतली, रात्री लॉजवर बसून शीट काढायला घेतली तर काही केल्या बाकीच्या खोल्यांशी जुळेना. दुसऱ्या दिवशी परत जाऊन कर्ण मोजले, तर एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ४ इंच जास्त. खोली काटकोनात नव्हतीच, मीच डोळ्यांनी ती चौकोनी धरून चालले होते. तेव्हापासून आजतागायत साइटवर गेले की पहिल्यांदा कर्ण घेते, आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक नवीन मुलाला हेच पहिलं शिकवते.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त कामाला आली. आजी सकाळी चौकाच्या पश्चिमेकडच्या ओसरीवर बसून भाजी निवडायच्या आणि दुपारनंतर उठून पूर्वेकडच्या ओसरीवर जायच्या. पहिले दोन दिवस आमच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की त्या उन्हामागे जातायत, सकाळचं कोवळं ऊन पश्चिमेच्या ओसरीवर येतं आणि उतरतं ऊन पूर्वेच्या. विचारलं तर म्हणाल्या, अगं उन्हाळ्यात उलटं, तेव्हा सावलीमागे जायचं. झालं, क्लायमेटॉलॉजीचा अख्खा सेमिस्टर मला त्या एका वाक्यात कळला. आणि ओसरीची कड मोजली तर जमिनीपासून १७ इंच, बसलं की पाय बरोबर टेकतात आणि उठताना गुडघ्याला त्रास नाही. मी आज घराला ओटा काढते ना, तो १७ इंचच असतो, आणि क्लायंटची आई तिथे बसलेली दिसली की मला वाईच्या आजी आठवतात.

हे सगळं कुठल्या फोटोत येणार सांग. फोटो एका क्षणाचा असतो, आजी उठून दुसरीकडे गेल्या हे त्याला कळत नाही. फोटोत कॅमेऱ्यामागचं काही नसतं, आवाज नसतो, वारा नसतो, आणि आजकाल सगळे वाइड अँगलने काढतात त्यामुळे १० फुटांची खोली २० फुटांची वाटते. मोठ्या इमारतींचंही तेच.

तुझ्या टूरमध्ये अहमदाबाद आहे म्हणून तिथलं उदाहरण देते. आश्रम रोडवर ल कॉर्ब्युझिए ह्या स्विस-फ्रेंच आर्किटेक्टने केलेली मिल ओनर्स असोसिएशनची बिल्डिंग आहे, १९५४ ची. फोटोत पुढची आणि मागची दोन्ही बाजू सारखीच दिसते, काँक्रीटच्या उभ्या-आडव्या फळ्यांची जाळी. प्रत्यक्ष गेलं आणि दुपारी ४ वाजता आत उभं राहिलं की कळतं की रस्त्याच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूच्या उभ्या फळ्या तिरक्या आहेत, उतरतं ऊन तिथेच अडतं आणि रस्त्यावरची गर्दीही नजरेआड होते, आणि मागच्या, साबरमतीच्या बाजूच्या फळ्या सरळ आहेत, तिथून नदी दिसते आणि वारा आत येतो. एकच घटक, दोन दिशांना दोन वेगळी कामं. रस्त्याच्या गोंगाटातून रॅम्पवरून हळूहळू वर चढत आत जाताना तुझ्या चालण्याचा वेग आपोआप कमी होतो, ते तर चालल्याशिवाय कळणारच नाही.

अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, तर हमखास दाखवतील, १४९९ ची आहे, शहरापासून जवळच. पाच मजले जमिनीत खाली. मुलं वरून उभी राहून फोटो काढतात आणि 'किती सुंदर कोरीव काम' म्हणून निघतात. तू खाली उतर. प्रत्येक टप्प्याला गारवा वाढतो, तो अंगाला जाणवतो. आणि मग दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे बघ, त्यांच्या मागे माती आहे, ती सतत आत ढकलतेय, आणि मधे जे खांब-तुळयांचे सांगाडे एकामागे एक उभे आहेत ते त्या भिंतींना एकमेकींपासून लांब धरून ठेवतायत. वरून नुसती नक्षी वाटते ती खाली गेल्यावर आधाराची चौकट दिसायला लागते. रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवून धरणारी भिंत, हा विषय मला पुस्तकातून पाठ होता, समजला तिथे.

पण ह्याची दुसरी बाजूही तुला सांगायला हवी, कारण प्रवासाने माझं नुकसानही झालंय. प्रॅक्टिस सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी मी पुन्हा अहमदाबादला गेले, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं 'संगाथ' हे ऑफिस बघितलं, अर्धे जमिनीत गेलेले ते पांढरे व्हॉल्ट, म्हणजे कमानीसारखी लांबट छतं, त्यावर चिनीमातीच्या तुकड्यांचं मोझॅक, त्यावरून वाहून पन्हळीत जाणारं पाणी. मी भारावून गेले. परत आले तर गुहागरकडे एका घराचं काम हातात होतं, मी तसेच दोन व्हॉल्ट तिथे घातले. पहिल्याच पावसात भिंती ओल्या झाल्या आणि दुसऱ्या पावसात दोन व्हॉल्टच्या मधल्या खोबणीतून गळायला लागलं. कारण साधं होतं. अहमदाबादला वर्षाला साधारण ८०० मिमी पाऊस, कोकणात तो ३,००० मिमीच्या पुढे जातो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. व्हॉल्टला वळचण नसते. कौलारू घराची वळचण भिंतीपासून दीड-दोन हात पुढे येते आणि पागोळ्या लांब पडतात, म्हणून कोकणातली मातीची भिंतही टिकते. मी शेवटी त्यावर लाकडी कैच्या उभ्या करून कौलं घातली, खर्चाचा मोठा वाटा मी दिला, घरमालक सज्जन होते म्हणून भागलं. चूक पूर्णपणे माझी. मी तिथे आकार बघितला, तो तिथे का आहे हे विचारलंच नाही. ऊन परतवायला पांढरं मोझॅक, गारव्यासाठी जमिनीत अर्धी इमारत, हे सगळं तिथल्या हवेचं उत्तर होतं आणि मी ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावलं.

म्हणून मी मुलांना सांगायचे की जे आवडलं त्याच्यापुढे वहीत 'का' लिहा, आणि तो 'का' आपल्या गावी लागू आहे का तेही लिहा. हे लिहिता आलं नाही तर ती गोष्ट घरी आणू नका.

आता लोक उदाहरणं देतात ना, की कॉर्ब्युझिए फिरून शिकला, जपानचा तादाओ आंदो फिरून शिकला. खरं आहे ते. कॉर्ब्युझिएकडे आर्किटेक्चरची डिग्री नव्हती, १९११ मध्ये २३ वर्षांचा असताना तो जर्मनीतून निघाला, बाल्कनमार्गे इस्तंबूल, मग अथेन्स, मग इटली. आंदोनेही कॉलेजात आर्किटेक्चर शिकलेलं नाही, १९६५ मध्ये तो सायबेरियातून रेल्वेने युरोपला गेला, कॉर्ब्युझिएला भेटायची इच्छा होती पण तो पॅरिसला पोचण्याआधीच कॉर्ब्युझिए गेला. पण ह्या गोष्टी सांगताना एक मुद्दा कायम सुटतो. कॉर्ब्युझिए अथेन्समध्ये जवळपास ३ आठवडे थांबला होता. एका टेकडीसाठी, अक्रोपोलिससाठी. वेगवेगळ्या वेळी वर जायचा, बसायचा, स्केच करायचा. तुझ्या टूरमध्ये ९ दिवसांत चार शहरं आहेत, त्यातले दोन-तीन दिवस रेल्वेत आणि बसमध्ये जाणार, म्हणजे एका ठिकाणाला चाळीस मिनिटं आणि त्यातली दहा वॉशरूम शोधण्यात. तुलना करायची तर किती देश फिरला ह्याची करू नकोस, एका जागी किती वेळ बसला ह्याची कर. आमच्या वाईच्या आजी तिसऱ्या दिवशी समजल्या हे लक्षात घे, एका दिवसाच्या ट्रिपमध्ये आम्ही तिथून चहा पिऊन परत आलो असतो.

दोशींचंच बघ ना. जन्म पुण्याचा, १९२७ चा, जुन्या घरात मोठ्या कुटुंबात वाढलेले, घरचा फर्निचरचा धंदा. मुंबईच्या जे.जे. कॉलेजला शिकले, १९५१ ला पॅरिसला कॉर्ब्युझिएकडे गेले आणि त्याच्याच अहमदाबादच्या कामांसाठी भारतात परत आले. २०१८ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं पारितोषिक, मिळालं. पण स्वतःच्या घडणीबद्दल बोलताना ते पॅरिसइतकंच त्या पुण्याच्या घराबद्दल बोलायचे, ते घर कसं वाढत गेलं, लाकडाचा वास कसा होता. म्हणजे लांब जाण्याआधी जवळचं अंगात मुरलेलं होतं, त्यामुळे लांबचं बघताना तुलनेला हाताशी काहीतरी होतं.

तुझ्याकडे जवळ काय आहे माहितीये? सोलापूरपासून जेमतेम १०० किलोमीटरवर विजापूर आहे. सकाळी निघून रात्री घरी येता येईल. गोल घुमट, १६५६ च्या सुमाराचा, मोहम्मद आदिलशहाची कबर, आणि स्थापत्यकार म्हणून दाभोळच्या याकूतचं नाव सांगितलं जातं, म्हणजे आपल्याच कोकणातलं बंदर. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आणि आत एकही खांब नाही. आतला हॉल चौकोनी, साधारण ४१ मीटर बाजूचा, आणि चौकोनावर गोल कसा बसवला हे कोडं आहे. त्यांनी चौकोनात एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानी घातल्या, त्या छेदत छेदत आत झुकत जातात आणि वर गोल कडा तयार होते, त्यावर घुमट बसतो. पुस्तकात त्याची आकृती मी चार वेळा काढली होती आणि मला ती समजलेली नव्हती. तिथे जाऊन कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून वर बघितलं, एका कमानीवर नजर ठेवून ती कुठे सुरू होते कुठे संपते हे बोटाने हवेत काढत गेले, मग उलगडलं. मग कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या जिन्याने सात मजले चढून वर गॅलरीत जा. तिथे सगळे आवाज ऐकायला जातात, ओरडतात, टाळ्या वाजवतात. तू खाली बघ. ती गॅलरी एवढी रुंद का आहे? कारण कमानी आत झुकल्यामुळे घुमट भिंतीच्या बराच आत बसलाय आणि मधे जागा उरलीये. इमारतीची सगळ्यात प्रसिद्ध जागा स्ट्रक्चरमधून आपोआप निघालेली आहे. गेट उघडल्या उघडल्या पोच, शाळांच्या सहली आल्या की एक शब्द नीट ऐकू येत नाही. आणि त्याच दिवशी इब्राहिम रोझाला, म्हणजे इब्राहिम आदिलशहाच्या कबरीला जा, तिथे गर्दी कमी असते, बसून स्केच करता येतं.

आणि त्याहूनही जवळ म्हणजे माळवदाची घरं. तुझं आजोळ कुठलं मला माहीत नाही, पण सोलापूर-उस्मानाबादकडच्या खेड्यांत अजून ती आहेत, जाड भिंती, लाकडाच्या तुळया, वर पांढरी माती दाबून केलेलं सपाट छप्पर. मे महिन्यात दुपारी आत गेलं की कळतं काय गारवा असतो ते. ती पाडून तिथे पत्रे आणि स्लॅब येतायत, दरवर्षी कमी होतायत. ज्यांना ती बांधता येत होती, गळती लागली की पांढरी माती कधी आणि किती टाकायची हे ज्यांना माहीत होतं, ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. तू एक घर मोजलंस, छपराचा थरांसकट सेक्शन, म्हणजे उभा छेद काढलास, तर तुझ्या वर्गात कुणाकडे नसेल असं काहीतरी तुझ्याकडे असेल. नासाची, म्हणजे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या देशभरातल्या संघटनेची, लुई कान ट्रॉफी डॉक्युमेंटेशनसाठीच असते, कॉलेजातल्या सीनियर्सना विचार, ह्यात कुणाला रस आहे का.

तर मग टूरचं काय. इथे सगळं परिस्थितीवर आहे म्हणून तीन-चार गोष्टी आधी विचारून घे. टूरला इंटर्नल मार्क आहेत का आणि न गेल्यास पर्यायी सबमिशन चालतं का, हे लेखी विचार. बरोबर कोण सर-मॅडम येणार, त्यांना त्या इमारती माहीत आहेत का की नुसतं हजेरी घ्यायला येणार. दिवसाला किती ठिकाणं आहेत, चारपेक्षा जास्त असतील तर ती टूर ट्रॅव्हल एजंटने आखलेली आहे असं समज. आणि अहमदाबादला अमेरिकी आर्किटेक्ट लुई कानने केलेल्या आयआयएमच्या जुन्या कॅम्पससारख्या ठिकाणांची परवानगी कॉलेजने आधी घेतलीये का, कारण मी अशा दोन टूर बघितल्यात जिथे मुलं गेटवरून परत आली.

ह्याची उत्तरं बरी असतील आणि पैसे घरात असतील, म्हणजे दिले तरी घरखर्चाला ओढ लागणार नाही, तर जा, नक्की जा. वर्गाबरोबर जाण्याचाही एक फायदा असतो, रात्री रेल्वेत बसून पंधरा जण एकाच इमारतीवर भांडतात त्यातून जे कळतं ते एकटीने जाऊन कळत नाही. पण उसने घेऊन जाऊ नकोस, आणि व्याजाने तर अजिबात नको. डोक्यावर ते ओझं असलं की तू तिथे पैसे वसूल करायला बघशील, म्हणजे जास्तीत जास्त ठिकाणं, जास्तीत जास्त फोटो. त्यापेक्षा सुट्टीत दोघी-तिघी मैत्रिणी मिळून स्लीपरने फक्त अहमदाबादला जा आणि पाच-सहा दिवस तिथेच राहा. एकाच शहरात वाव आहे, सरखेज रोजा हे कबरी-मशिदीचं संकुल आहे, जुन्या पोळांमधली, म्हणजे गल्लीवस्त्यांमधली लाकडी घरं आहेत, कॉर्ब्युझिए, कान, दोशी, आणि चार्ल्स कोरियांचं साबरमतीचं गांधी संग्रहालय. त्या संग्रहालयासाठी तर एक अख्खी सकाळ ठेव, ६ मीटर बाय ६ मीटरचा एकच चौकोन घेऊन, कुठे भिंत, कुठे उघडं, कुठे पाणी, एवढ्यावर किती करता येतं ते बघायला. ते १९६३ ला पूर्ण झालं आणि वीट, लाकूड, कौलं आणि काँक्रीटच्या तुळया ह्यापलीकडे फारसं काही नाही त्यात. आपल्याकडच्या बजेटमध्ये काम करणाऱ्या माणसाने ते आधी बघावं आणि चंदीगड नंतर, हे माझं वैयक्तिक मत.

मुली म्हणून जाताना राहायची जागा स्टेशनजवळ स्वस्तात बघण्यापेक्षा ओळखीतून शोधा, तिथल्या कॉलेजची मुलं-मुली मदत करतात, मी केलीये आणि घेतलीये. अंधार पडायच्या आत परत या. बाबांना रोजचा कार्यक्रम आधी लिहून द्या, त्यांची निम्मी काळजी त्याने जाते.

युरोपचं आत्ता डोक्यातून काढ. नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशाने जा, आणि जाशील तेव्हा दहा दिवसांत सहा देश करू नकोस, एक शहर घे.

आता बघायचं कसं, हे मी मुलांना सांगायचे तसंच सांगते. निघायच्या आधी स्वतःची मापं पाठ कर. तुझी वीत किती, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत किती, नेहमीच्या चालीत एक पाऊल किती, उभी असताना डोळे जमिनीपासून किती उंचीवर. आपल्याकडे विहिरीची खोली पुरुषांत सांगायचे, दोन पुरुष पाणी, तीन पुरुष पाणी, ते उगाच नाही, शरीर कायम आपल्यासोबत असतं. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी टेप काढला की पहारेकरी कधीकधी हटकतात, ट्रायपॉडला तर परवानगी लागते, पण वितीला कुणी हटकत नाही. टेप मात्र असू देच, ५ मीटरचा, आणि कॉलेजचं ओळखपत्र आणि पत्र.

पोचल्यावर पहिली वीस मिनिटं फोन बॅगेत. नुसतं चाल आणि एका जागी बस. मग प्लॅन काढ, वाईट आला तरी काढ, पावलांनी मोजून. मग सेक्शन, हा महत्त्वाचा, कारण फोटोवरून सेक्शन काढता येत नाही, त्यासाठी तिथे असावंच लागतं. मग एक सांधा, खांब आणि तुळई कुठे भेटतात, पायरी आणि भिंत कुठे भेटते, पाणी कुठून खाली येतं. वहीत तारीख, वेळ, उत्तर दिशा आणि ऊन कुठे पडलंय हे लिही. झाडलोट करणाऱ्या मावशींशी किंवा वॉचमनशी बोल, कुठे गळतं, कुठे गरम होतं, कुठली खिडकी कधीच उघडत नाहीत, हे त्यांना आर्किटेक्टपेक्षा जास्त माहीत असतं. जमलं तर त्याच ठिकाणी दुसऱ्या वेळी परत जा. आणि मग फोटो काढ, हवे तेवढे. मी पहिल्या टूरला सात रोल संपवले होते, आज त्यातला एकही फोटो मी उघडत नाही, पण वाईची वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि वर्षातून चार-पाच वेळा बाहेर येते.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नकोस. दिल्लीला प्रगती मैदानात राज रेवल आणि स्ट्रक्चरल इंजिनियर महेंद्र राज ह्यांचा हॉल ऑफ नेशन्स होता, १९७२ चा, काँक्रीटची भलीमोठी स्पेस फ्रेम, म्हणजे त्रिकोणांची जाळीदार चौकट, आणि ती जागेवर ओतलेली, कारण तेव्हा आपल्याकडे तेवढं स्टील परवडत नव्हतं. आमची टूर त्याच्या समोरून गेली, बसमधून दाखवला, वेळ नव्हता म्हणून उतरलो नाही. मी म्हटलं पुन्हा येऊ. एप्रिल २०१७ मध्ये तो पाडला. अहमदाबादच्या आयआयएममधल्या लुई कानच्या डॉर्म, म्हणजे वसतिगृहं, पाडायचा विचारही २०२० च्या शेवटी जाहीर झाला होता, जगभरातून विरोध झाल्यावर तो मागे घेतला आणि मग पुन्हा चर्चा सुरू झाली. म्हणून अहमदाबादला कुठल्याही मार्गाने गेलीस तरी कॅम्पसची परवानगी महिनाभर आधी मागायला लाग, आणि डॉर्मच्या त्या मोठ्या गोल विटांच्या कमानींखाली उभी राहून वर बघ, कमानीच्या दोन्ही पायांना बांधून ठेवणारी काँक्रीटची पट्टी दिसेल, ती काढली तर काय होईल ह्याचा विचार कर आणि वहीत लिही.

टूरची फी भरायची शेवटची तारीख कधी आहे ते सांग. तोपर्यंत एक रविवार मोकळा असेल तर विजापूरला जाऊन ये, बाबांनाही घेऊन जा, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. परत आल्यावर कमानींचा सेक्शन काढून इथे टाक, मी बघून सांगते.